गुरुवारचा टीआरपी कसा वाचायचा

दर गुरुवारी मराठी मालिकांचे टीआरपीचे तक्ते फोनवर फिरायला लागतात. अमुक मालिका पहिली, ५.१, तमुक दुसरी, ४.९, आणि मग दोन्हीकडच्या चाहत्यांची जुंपते. हे ५.१ म्हणजे काय, टक्के, लाख की गुण? कितीजणांपैकी? महाराष्ट्रात की देशभरात? बहुतेक तक्त्यांवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

टीआरपी म्हणजे मालिकेचं रेटिंग, आणि रेटिंगचा आकडा एकटा कधीच नसतो. तो कोणत्या प्रेक्षकांचा, कोणत्या भागातला आणि कोणत्या मिनिटांचा, या तीन गोष्टी कळल्याशिवाय त्याच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आकडा कसा तयार होतो, कागदावर तो स्वतः कसा काढून बघायचा आणि कुठे संशय घ्यायचा, ते पुढे दिलं आहे.

मोजतं कोण

भारतात हे काम बार्क इंडिया ही मुंबईतली संस्था करते. २०१० मध्ये ती स्थापन झाली. तिच्यात वाहिन्यांच्या संघटनेचा वाटा ६० टक्के, जाहिरातदारांच्या संघटनेचा २० आणि जाहिरात संस्थांच्या संघटनेचा २० टक्के आहे. ज्यांना मोजायचं त्यांचाच मोजणाऱ्या संस्थेत सर्वांत मोठा वाटा, यावर टीका होत आली आहे आणि ती गैर नाही. दुसरी बाजू अशी, की जाहिरातीचे पैसे देणारा आणि घेणारा दोघेही त्याच आकड्यावर व्यवहार करतात. त्यामुळे आकडा उघड उघड एका बाजूला झुकला तर दुसरी बाजू गप्प बसत नाही.

बार्कचे पहिले आकडे एप्रिल २०१५ मध्ये आले आणि ग्रामीण भागाचे त्याच वर्षी ऑक्टोबरपासून. त्याआधी टॅम ही कंपनी मोजायची आणि तिचं पॅनल, म्हणजे मोजणीसाठी निवडलेली घरं, शहरी होतं. म्हणून २०१० सालच्या एखाद्या मालिकेचं रेटिंग आजच्या रेटिंगशेजारी मांडून ‘तेव्हा लोक मालिका जास्त बघायचे’ असा निष्कर्ष काढू नका. मोजणाऱ्या कंपनीपासून मोजलेल्या लोकांपर्यंत आणि यंत्रापर्यंत, सगळंच तेव्हा वेगळं होतं.

आधी एकूण प्रेक्षक ठरतात, मग पॅनल

रेटिंग ही टक्केवारी आहे, म्हणजे भागाकार आला. भागाकारात खाली जी संख्या असते तिला या धंद्यात ‘युनिव्हर्स’ म्हणतात: टीव्ही असलेल्या घरांतली, दोन वर्षांच्या पुढची सगळी माणसं. ती ठरवायला बार्क मोठं घरोघर सर्वेक्षण करते. २०१८च्या सर्वेक्षणात सुमारे ३ लाख घरं होती. २०२० सालच्या अंदाजानुसार देशात टीव्ही असलेली घरं २१ कोटी आणि त्यांतली माणसं ८९ कोटींच्या आसपास होती. मधल्या काळात नवी जनगणना झालेली नसल्याने हे सगळे अंदाज २०११च्या पायावर उभे आहेत, एवढं लक्षात असू द्या. युनिव्हर्सचा अंदाज बदलला की प्रेक्षक तेवढेच राहूनही रेटिंग हलतं.

कोणती वाहिनी लागली ते नोंदवणारं मीटर बसवायची घरं या सर्वेक्षणातूनच निवडली जातात. काही वर्षांपूर्वी ती सुमारे ५५ हजार होती. २१ कोटींना ५५ हजारांनी भागलं तर मीटरचं एक घर सरासरी ३,८०० घरांच्या वतीनं बोलतं. ‘आमच्या घरी तर कोणी विचारायला आलं नाही’ ही तक्रार म्हणूनच खरी असते. ३,८०० मध्ये तुमचा नंबर लागला नाही, इतकंच. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात नीट ढवळलेला हवा. खरं काम ते ढवळण्याचं असतं: शहर किती, खेडं किती, वय, स्त्री-पुरुष, भाषा, केबल की डीटीएच की फ्री डिश, आणि घराची आर्थिक पायरी.

ही पायरी उत्पन्न विचारून ठरत नाही, कारण उत्पन्न कोणी खरं सांगत नाही. एनसीसीएस नावाची पद्धत आहे. तिच्यात दोनच गोष्टी बघतात. एक, घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण. दुसरी, ठरलेल्या ११ गोष्टींपैकी घरात किती आहेत: वीजजोडणी, पंखा, गॅस शेगडी, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन. त्यावरून घर ‘ए१’ पासून ‘ई३’ पर्यंतच्या १२ खणांपैकी एकात बसतं. तक्त्यावर ‘एनसीसीएस ऑल’ दिसलं तर सगळे खण धरलेले आहेत. ‘एबी’ लिहिलं असेल तर वरच्याच पायऱ्या मोजल्या आहेत आणि मालिकांचा क्रम पार बदलू शकतो.

पॅनलमधली घरं गुप्त ठेवावी लागतात. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या जानेवारी २०१४च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दर वर्षी २५ टक्के घरं बदलायची असतात, आधी जुनी. कारण साधं आहे. मीटर फार वर्षं घरात राहिलं की माणसं बटन दाबायचा कंटाळा करतात, आणि कोणाच्या घरी मीटर आहे हे गल्लीत सगळ्यांना कळतं.

मीटर काय ऐकतं

टॅमच्या काळातली जुनी यंत्रं वाहिनी कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहे त्यावरून ओळखायची. केबलवाल्याने रात्रीत क्रम बदलला की घोळ व्हायचा. बार्कची पद्धत वेगळी आहे. प्रत्येक वाहिनीच्या प्रक्षेपण केंद्रात एक उपकरण बसवलेलं असतं. ते कार्यक्रमाच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळतं. या खुणेला वॉटरमार्क म्हणतात, आणि तिच्यात वाहिनी कोणती व वेळ काय ते असतं. घरातलं मीटर ही खूण पकडतं. कार्यक्रम केबलवरून आला, डीटीएचवरून की फ्री डिशवरून, याने फरक पडत नाही. रेकॉर्ड करून नंतर बघितला तरी खुणेतल्या वेळेवरून ते कळतं.

मीटरला चित्र दिसत नाही आणि खोलीत कोण बसलंय तेही कळत नाही. त्यासाठी मीटरसोबत एक रिमोट मिळतो. घरातल्या प्रत्येकाचं एक बटन ठरलेलं असतं. टीव्हीसमोर बसताना आपलं बटन दाबायचं आणि उठताना पुन्हा दाबायचं. मीटरने जमवलेली माहिती मोबाइल नेटवर्कवरून बार्ककडे जाते. सगळ्या यंत्रणेतला सर्वांत कच्चा दुवा हाच आहे, माणसाचा अंगठा.

एक घर, एक अर्धा तास

आता पॅनलमधलं एक काल्पनिक घर घ्या. पाच माणसं. रात्री ८:०० ते ८:३० मालिका लागली आहे.

आजी १ नंबरचं बटन दाबून ८ वाजता बसल्या आणि शेवटपर्यंत हलल्या नाहीत: ३० मिनिटं. आई कणीक मळून ८:०६ ला आली आणि ८:२० ला कुकरची शिटी ऐकून बटन बंद करून उठली: १४ मिनिटं. बाबा ८:२४ ला आले: ६ मिनिटं. मुलगा सोफ्यावरच होता, पण मोबाइलमध्ये. त्याने बटन दाबलं नाही: शून्य. मुलगी क्लासला गेलेली: शून्य.

एकूण ३० + १४ + ६ = ५० माणशी-मिनिटं. आता तीन आकडे निघतात.

पोहोच, म्हणजे रीच: पाचपैकी तिघांनी काही ना काही बघितलं, ६० टक्के.

सरासरी वेळ: ज्यांनी बघितलं त्यांचाच हिशेब. ५० भागिले ३, म्हणजे १६.७ मिनिटं.

रेटिंग, म्हणजे टीव्हीआर: पाच माणसांनी पूर्ण अर्धा तास बघितला असता तर १५० माणशी-मिनिटं झाली असती. झाली ५०. म्हणून ३३.३.

ताळा करून बघा: पोहोच ६० गुणिले १६.७ भागिले ३० बरोबर ३३.३. हे समीकरण तोंडपाठ असलेलं बरं, कारण रेटिंग का पडलं ते यातूनच कळतं. पोहोच टिकून वेळ घटला असेल तर लोक मालिकेवर येऊन मधेच निघून जात आहेत, म्हणजे दुखणं कथेत आहे. वेळ तोच राहून पोहोच घटली असेल तर माणसं फिरकतच नाहीत. मग समोरच्या वाहिनीवर त्या वेळी काय लागतं ते बघा, प्रोमो बघा, वेळ बदलली होती का ते बघा. वाहिनीने यातलं एक दुखणं समजून दुसऱ्याचं औषध दिलं की मालिकेत उगाच लीप, म्हणजे कथेत काही वर्षांची उडी, येतो.

याच घरात चूक कशी होते? समजा, आई उठताना बटन बंद करायला विसरली. तिची १४ मिनिटं २४ झाली. बेरीज ६० आणि रेटिंग ३३.३ चं ४०. मुलाने मोबाइल बघता बघता सवयीने बटन दाबलं असतं तर आणखी ३० मिनिटं जमा झाली असती. मीटरच्या लेखी लक्ष देऊन बघणं आणि समोर नुसतं बसणं सारखंच. टीव्ही दिवसभर चालू आणि बघणारा कोणीच नाही, अशा विचित्र नोंदी छाननीत बाजूला काढता येतात. पण कुकरच्या शिटीला कुठली छाननी नाही.

पुढची पायरी वजनाची. घरातलं प्रत्येक माणूस आपल्यासारख्या किती माणसांच्या वतीनं मोजलं जाणार ते ठरलेलं असतं. समजा आजींचं वजन ३,०००, आईचं ४,००० आणि बाबांचं ५,०००. मग आजींचे ३,००० × ३० = ९०,०००; आईचे ४,००० × १४ = ५६,०००; बाबांचे ५,००० × ६ = ३०,०००. एकूण १,७६,०००, भागिले ३० मिनिटं: सुमारे ५,८६७. या एका घराने मालिकेच्या सरासरी प्रेक्षकसंख्येत जवळपास ५,९०० माणसं घातली. अशी सगळी घरं मिळवली की जो आकडा येतो त्याला एएमए म्हणतात: दर मिनिटाला सरासरी किती माणसं समोर होती.

बार्कचा तक्ता हातात आल्यावर

बार्कच्या संकेतस्थळावर दर गुरुवारी वरच्या काही वाहिन्या आणि कार्यक्रमांची यादी येते. मराठीसाठी ती महाराष्ट्र-गोवा या बाजाराची, शहरी आणि ग्रामीण मिळून, दोन वर्षांपुढच्या सगळ्यांची असते. तिथे टक्के नसतात, एएमए हजारात असतो. इथेच दोन चुका होतात.

पहिली, शून्यांची. ३,२०० लिहिलेलं म्हणजे ३,२०० हजार, म्हणजे ३२ लाख.

दुसरी चूक जास्त पसरलेली आहे: ‘ही मालिका ३२ लाख लोकांनी पाहिली’ असं लिहिणं. पाहिली त्याहून कितीतरी जास्त लोकांनी, थोडी थोडी. ३२ लाख ही मिनिटागणिक सरासरी आहे. किती माणसं एकदा तरी येऊन गेली ते हवं असेल तर पोहोच बघावी लागते. वाहिन्यांची प्रसिद्धिपत्रकं सोयीप्रमाणे दोन्हींतला मोठा आकडा उचलतात. ‘इतके कोटी प्रेक्षक’ असं वाक्य दिसलं की तो बहुधा पोहोचीचा आकडा असतो, कधी पूर्ण आठवड्याचा तर कधी पूर्ण मोसमाचा.

एएमएवरून टीव्हीआर काढायला युनिव्हर्स लागतं. समजा बाजारात ८ कोटी प्रेक्षक आहेत. ३२ लाख भागिले ८०० लाख गुणिले १००, म्हणजे ४.०. चाहत्यांच्या तक्त्यावरचा आकडा हा असा टीव्हीआर असतो. पण कुणी तो दोन वर्षांपुढच्यांचा घेतं, कुणी १५ वर्षांपुढच्यांचा, आणि दोन तक्ते शेजारी ठेवून भांडणं होतात. मूल कमी बघतं आणि आजी जास्त बघते अशा मालिकेचं रेटिंग, लहान मुलं वगळली की आपोआप वर जातं.

आठवड्याचं गणितही नीट धरा. बार्कचा आठवडा शनिवारी सुरू होतो आणि शुक्रवारी संपतो. आकडे त्याच्या पुढच्या गुरुवारी येतात. १२ तारखेच्या रविवारी महाएपिसोड झाला असेल तर तो ११ ते १७ या आठवड्यात पडतो आणि यादीत २३ तारखेला दिसतो. सोमवार ते शनिवार चालणाऱ्या मालिकेचा शनिवारचा भाग एका आठवड्यात आणि त्यानंतरच्या सोमवार ते शुक्रवारचे भागही त्याच आठवड्यात जातात. शनिवारी लग्न लागलं आणि रेटिंग उसळलं, तर त्याचं श्रेय कथेच्या पुढच्या आठवड्याला मिळतं. एपिसोड झाल्याच्या दुसऱ्या सकाळी ‘कालच्या भागाला ७ टीआरपी’ असं कोणी लिहिलं, तर ते या सार्वजनिक यादीतून आलेलं नाही हे नक्की.

महाएपिसोडची आणखी एक गंमत. रोजच्या अर्ध्या तासाला ५ रेटिंग असलेल्या मालिकेने रविवारी दोन तासांचा भाग केला आणि सरासरी ३.८ आली, की ‘टीआरपी घसरला’ अशी बातमी होते. हिशेब करा: ५ × ३० = १५०, आणि ३.८ × १२० = ४५६. वाहिनीच्या पदरात तिप्पट बघणं पडलं. दोन तास एका जागी कोण बसतं? सरासरी खाली येणारच. म्हणून वेगवेगळ्या लांबीच्या कार्यक्रमांचं रेटिंग थेट लावू नये. महाएपिसोड वेगळ्या ओळीत दाखवलाय की मालिकेच्या सरासरीत मिसळलाय, तेही तपासावं.

रेटिंग आणि शेअर यांचीही गल्लत होते. रेटिंगमध्ये भागाकाराखाली सगळे प्रेक्षक असतात, टीव्ही बंद ठेवून झोपलेले धरून. शेअरमध्ये फक्त त्या वेळी टीव्ही बघणारे. रात्री ११ वाजता १ रेटिंगचा कार्यक्रमही शेअरमध्ये दांडगा असू शकतो, कारण तोवर निम्मं गाव झोपलेलं असतं.

एचडी आणि साधी वाहिनी यांची खूण वेगळी असते, आकडे वेगळे येतात. बेरीज केली आहे की नाही, हे तक्त्यावर लिहिलेलं नसेल तर विचारा.

५.१ आणि ४.९ मध्ये खरंच फरक आहे का

रेटिंग नमुन्यावरून काढलेलं असल्याने त्याला दोन्ही बाजूंना थोडी सैल जागा असते. ती काढायची ढोबळ रीत: रेटिंग गुणिले (१०० वजा रेटिंग), भागिले नमुन्यातली माणसं, आलेल्या संख्येचं वर्गमूळ, त्याची दुप्पट. खरा आकडा १०० पैकी साधारण ९५ वेळा या जागेत असतो.

समजा एका बाजारातल्या नमुन्यात ६,००० माणसं आहेत आणि रेटिंग ५. मग ५ × ९५ = ४७५. भागिले ६,००० म्हणजे ०.०७९. वर्गमूळ ०.२८, दुप्पट ०.५६. म्हणजे ‘५’ हे प्रत्यक्षात ४.४ ते ५.६ मधलं काहीही असू शकतं. ५.१ आणि ४.९ चा क्रम लावून पेढे वाटण्यासारखं त्यात काही नाही. शिवाय एका घरातली माणसं एकत्रच टीव्ही बघतात आणि प्रत्येकाचं वजन सारखं नसतं, त्यामुळे खरी सैल जागा याहून मोठी निघते. सहा भागांची सरासरी घेतल्याने ती काहीशी आक्रसते, पण सहा वेगळे नमुने घेतल्याइतकी नाही, कारण घरं तीच असतात.

गट लहान केला की परिस्थिती बिकट होते. ग्रामीण भागातले १५ ते २१ वयाचे मुलगे एवढाच गट घेतला आणि त्यात ४०० जण असले, तर त्याच ५ रेटिंगला दोन्हीकडे २.२ ची सैल जागा येते. अशा गटाच्या आठवड्याच्या चढउतारावर निर्णय घेणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

आणि छोट्या वाहिन्या? ०.१ रेटिंगच्या वृत्तवाहिनीला ६,००० च्या नमुन्यात कोणत्याही मिनिटाला सरासरी सहा माणसं बघत असतात. मोजून सहा! गणिताने सैल जागा येते ०.०८, म्हणजे खरा आकडा ०.०२ ते ०.१८ कुठेही. एका घरात पाहुणे आले, दुसऱ्या घराचं केबल गेलं, की क्रमांक बदलला. म्हणूनच वृत्तवाहिन्यांचे आकडे आता एका आठवड्याचे न देता चार आठवड्यांच्या सरकत्या सरासरीने देतात.

व्यवहारात एवढं करा: एका आठवड्याच्या क्रमावर बोलू नका, निदान चार आठवडे शेजारी मांडा. ५.१, ४.९, ५.२, ५.० असा क्रम आला तर काहीही घडलेलं नाही. ५.१, ४.८, ४.४, ४.१ आला तर घडलंय. मग आधी आयपीएल, गणपती, निवडणूक निकाल, परीक्षा यांपैकी काही त्या आठवड्यांत होतं का ते बघा. सगळ्याच मालिका खाली आल्या असतील तर दोष एकट्या मालिकेचा नाही. अशा वेळी शेअर उपयोगी पडतो: बाजार आटला तरी मालिकेचा वाटा टिकून आहे का, ते त्यातून दिसतं.

जाहिरातदाराचा हिशेब

हा सगळा खटाटोप चालतो तो मुळात जाहिरातीच्या दरासाठी. टीव्हीवर जाहिरातीचा दर १० सेकंदांच्या मापाने सांगतात. जितक्या वेळा जाहिरात लागली तितक्या वेळच्या रेटिंगची बेरीज म्हणजे जीआरपी. एका रेटिंगमागे किती रुपये पडले तो सीपीआरपी.

काल्पनिक दर घेऊन बघू. प्राइम टाइमला १० सेकंदांना २०,००० रुपये आणि रेटिंग ४. दुपारच्या पुनःप्रक्षेपणाला १०,००० रुपये आणि रेटिंग २.५. दोन्हीकडे सहा सहा वेळा जाहिरात लावली. जीआरपी: २४ + १५ = ३९. खर्च १,८०,०००. सीपीआरपी सुमारे ४,६१५. सुटे बघितले तर प्राइम टाइमचा ५,००० आणि दुपारचा ४,०००, म्हणजे दुपार स्वस्त. पण जीआरपीत तोच माणूस पुन्हा पुन्हा मोजला जातो. या १२ वेळांत मिळून वेगवेगळी माणसं किती, ते पोहोच सांगते. ती २६ टक्के असेल तर ३९ भागिले २६, म्हणजे प्रत्येकाने सरासरी दीड वेळा जाहिरात बघितली. दीड वेळा बघून नवं नाव सहसा डोक्यात राहत नाही.

आणखी एक प्रश्न विचारायचाच: दिलेलं रेटिंग कार्यक्रमाचं आहे की ब्रेकचं? ब्रेक लागला की बोट रिमोटवर जातं. कार्यक्रमाला ४ असलं तरी ब्रेकच्या चौथ्या मिनिटाला तेवढी माणसं नसतात. म्हणून ब्रेकमधली पहिली आणि शेवटची जागा महाग असते.

कोल्हापुरातल्या एकाच पेढीसाठी महाराष्ट्र-गोव्याचा टीव्हीआर बघून वेळ विकत घेऊ नका. तो आकडा मुंबई, नांदेड, चंद्रपूर सगळं एकत्र करून आलेला आहे. एका जिल्ह्यापुरती मीटरं इतकी थोडी असतात की त्यांचं वेगळं रेटिंग काढलं तरी त्यावर विसंबता येत नाही.

आकडा फुगतो कसा

वर ०.१ रेटिंगचं गणित केलं, त्यातच गैरप्रकाराचं कारण आहे. पाचपंचवीस घरांनी दिवसभर एकच वाहिनी लावून ठेवली तर लहान वाहिनीचं स्थान हलू शकतं. मोठ्या मालिकेला ते परवडत नाही, फार घरं लागतील. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी पॅनलमधल्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवायला लावल्याचा आरोप करत गुन्हा नोंदवला. त्यानंतर बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. पुढे २०२४ मध्ये हा खटला मागे घ्यायला न्यायालयाने राज्य सरकारला परवानगी दिली.

दुसरा प्रकार चोरीचा नाही, पण आकडा तोही फुगवतो: लँडिंग पेज. सेट टॉप बॉक्स चालू केला की आपोआप जी वाहिनी उघडते ती जागा केबल कंपनीकडून विकत घ्यायची. माणूस रिमोट शोधेपर्यंत अर्धं-एक मिनिट वाहिनीचा आवाज मीटरच्या कानी पडतो. ओळखायची खूण अशी: पोहोच अचानक वर गेली, सरासरी वेळ मात्र खाली आला. असे आकडे गाळायची पद्धत बार्कने बसवली आहे, पण वाहिनी अचानक वर आली की पोहोच आणि वेळ शेजारी ठेवून बघावंच.

मीटर मागून मिळत नाही आणि त्यासाठी कोणी अर्जही घेत नाही. घर सर्वेक्षणातून निवडलं जातं. ‘तुमच्याकडे मीटर लावून देतो, थोडे पैसे भरा’ असं सांगणारा फसवतोय. घरी खरंच मीटर असेल आणि कोणी ‘अमुक वाहिनी चालू ठेवा, महिन्याला इतके देतो’ म्हणालं, तर नकार द्या आणि मीटर बसवणाऱ्या संस्थेला कळवा. मीटरचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. पत्ता फुटतो तो बहुतेक वेळा असाच.

काय मोजलं जात नाही

घरोघरच्या मीटरमध्ये घरचाच टीव्ही येतो. मंडळाच्या मांडवात, हॉटेलात किंवा दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात बघितलेलं त्यात नाही. मोबाइलवर वाहिनीच्या ॲपवर बघितलेली मालिका टीव्हीआरमध्ये धरत नाहीत. ॲपवर गाजलेली आणि टीव्हीवर रेंगाळणारी मालिका असं दुहेरी चित्र त्यामुळेच दिसतं. ॲपचे ‘व्ह्यूज’ रेटिंगशी लावू नका. तिथे काही सेकंद उघडलं तरी एक व्ह्यू धरला जाऊ शकतो, इथे मिनिटांची सरासरी असते.

बेळगाव, इंदूर किंवा बडोद्यातल्या मराठी घरात मीटर असेल तर तिथलं बघणं त्या त्या राज्याच्या बाजारात जमा होतं. महाराष्ट्र-गोव्याच्या यादीत त्याचा एक अंशही येत नाही. न्यू जर्सीत किंवा दुबईत बसून बघणारे तर बार्कच्या हिशेबातच नाहीत. त्यामुळे परदेशातल्या चाहत्यांनी ‘टीआरपी वाढवायला’ रोज मालिका लावून ठेवली, तरी गुरुवारच्या यादीतला आकडा त्यामुळे हलत नाही.